बिजलीचं भारनियमन

आमच्या घराण्याचा आणि घोड्याचा संबंध म्हणींच्या पलीकडे कधी गेला नव्हता. "एवढा घोडा झालास, पण अजून सतराचा पाढा येत नाही," या अण्णांच्या वाक्यानं माझ्या अश्वविद्येची सुरुवात झाली. पुढे बँकेत चिकटलो तेव्हा "चला, घोडं एकदाचं गंगेत न्हालं," असं तेच म्हणाले. बढती मिळाली तीही वरातीमागून आलेल्या घोड्यासारखी, म्हणजे निवृत्तीला अकरा महिने उरले असताना. पण चार पायांचा, शेपूट हलवणारा, खराखुरा घोडा वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माझ्या दारात बांधला जाईल, हे कुणाही ज्योतिषानं सांगितलं नव्हतं. शनी-मंगळाचं सगळे सांगतात, घोड्याचं कुणी सांगत नाही.

घोडा म्हणजे घोडीच ती. नाव बिजली. रंग पांढरा, म्हणजे मूळचा पांढरा. वय काय, ते पुढे कळेलच.

निवृत्तीनंतर आम्ही शेंद्र्याला राहायला आलो. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्यानं निघालं, चिकलठाण्याचं विमानतळ मागं टाकलं की पुढे शेंद्रा लागतं. पूर्वी हे गाव मांगीरबाबाच्या चैत्रातल्या यात्रेमुळे लोकांना ठाऊक होतं. आता ते औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक आहे. २००१ सालापासून इथं स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या, मग 'ऑरिक' नावाचं अख्खं नवं औद्योगिक शहर आलं, रुंद रस्ते आले. आमची वडिलोपार्जित जमीन त्यातच गेली. उरला तो दीड एकराचा तुकडा, एक विहीर, दोन लिंब आणि एक रिकामा गोठा. ज्या गावात दीडदीडशे अश्वशक्तीच्या मोटारी बनल्या, त्या गावात माझ्या वाट्याला मात्र नुसता अश्व आला. शक्ती वजा जाता.

आला कसा, तेही सांगतो. आमच्या चिरंजीवांचं लग्न २०१४ साली झालं. तेव्हा नवरदेवाचं वजन ब्याण्णव किलो होतं. (आता विचारायची सोय नाही.) वरात निघाली तेव्हा त्याचे मित्र एकेका चौकात अर्धा-अर्धा तास नाचत होते. पाऊण किलोमीटरची वाट पार करायला पावणेतीन तास लागले. एवढा वेळ ब्याण्णव किलोंचं ते ओझं पाठीवर घेऊन, कानाशी फटाके आणि पुढ्यात बँड सहन करत बिजली उभी होती. तिनं एकदाही पाय आपटला नाही. वरातीतल्या इतर कुणाबद्दलही मला असं म्हणता येणार नाही.

त्या घोडीचे मालक म्हणजे चाचा. २०२३ सालच्या तुळशीच्या लग्नाआधी चार दिवस ते एकाएकी शेंद्र्याला हजर झाले. मागं दोरीला धरून बिजली. शहरापासून चालत आले होते दोघंही.

"साब, आता हिच्या पाठीवर नवरदेव बसवत नाही. सारंगखेड्याला चाललोय, नवी घोडी बघतो. तोवर ठेवा हिला. दीड महिन्याचा तो सवाल."

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिथला घोड्यांचा बाजार जुना, मोठा. म्हणजे चाचांचं म्हणणं खरं होतं. तरी बँकेतली सवय म्हणून मी विचारलं, "आणि नाही ठेवली तर?"

"वीटभट्टीवाला मागतोय," चाचा म्हणाले आणि लिंबाकडे बघू लागले.

मी विचार करायला थोडा वेळ मागणार होतो. कर्जाच्या अर्जावर असा वेळ मागून मी तीस वर्षं काढली आहेत. पण आतून ही बाहेर आली, घोडीच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आपल्या पोराला पावणेतीन तास घेऊन उभी होती ती. गोठा रिकामाच आहे." संपलं. आमच्या घरात मंजुरीचे अधिकार कुणाकडे आहेत, हे चाचांनाही त्या क्षणी कळलं.

"वय किती हिचं?" मी जाता जाता विचारलं.

"बारा," चाचा म्हणाले. लग्नाच्या वेळीही त्यांनी बाराच सांगितलं होतं. पण 'धर्माची गाय आणि दात का नाय' असं विचारू नये, हे आपल्याकडे मुलांना लहानपणीच शिकवतात. गायीचा तो नियम आम्ही घोडीलाही लावला. आणि नेमके तिथंच फसलो.

घोडी आल्यावर सर्वांत जास्त खूश झाले ते अण्णा. अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त शिक्षक. निजामाच्या राज्यात त्यांचे वडील तट्टावर बसून जालन्याच्या बाजाराला जात. त्या तट्टाच्या आठवणी आम्ही आजवर पुष्कळ ऐकल्या होत्या. आता अण्णांचा सत्तर-पंचाहत्तर वर्षं धूळ खात पडलेला शब्दकोश उघडला. घोड्याच्या दाण्याला 'चंदी' म्हणायचं. तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी तो 'तोबरा'. अंग घासायचं ते 'खरारा'. पुढच्या-मागच्या पायांचे दोर म्हणजे 'अगाडी-पिछाडी'. आणि घोड्याची चाकरी करणारा तो 'मोतद्दार'. या शेवटच्या शब्दाशी आल्यावर अण्णा, ही आणि बिजली, तिघंही माझ्याकडे बघू लागले.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. राज्यातल्या चाळीस तालुक्यांत सरकारनं दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही तालुका होता. कडब्याचा भाव ऐकून शेतकरी स्वतःचीच जनावरं बाजारात नेत होते, आणि त्याच दिवसांत मी, ज्याला ज्वारीचा कडबा आणि मक्याचा कडबा यातला फरक कळत नव्हता, पिशवीत पासबुक घालून गावोगाव कडबा विकत घेत फिरत होतो. मोंढ्यातून हरभऱ्याचं पोतं आणलं. आणि निवृत्त माणसाला जे जन्मभर सोडत नाही ते केलं: एक वही घातली. डाव्या बाजूला जमा: कडबा सहा पेंढ्या, हरभरा दोन किलो. उजव्या बाजूला नावे: लीद, पाट्या दोन.

जमा रोज वाढत होतं, तरी शिल्लक घटत होती.

हे लवकर लक्षात आलं नाही, कारण थंडीत घोड्याच्या अंगावर दाट, लांब केस येतात. लांबून बघणाऱ्याला जनावर गुबगुबीत दिसतं. एके संध्याकाळी ही तिच्या पाठीवर वाकळ घालत होती, ती थांबली. तिनं केसांत बोटं घातली आणि तिथूनच ओरडली, "अहो, इकडे या! हिच्या बरगड्या मोजता येताहेत!"

मी मोजल्या. खरंच येत होत्या.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे घोडा कुणाकडेच नाही, पण घोड्याबद्दलचं मत सगळ्यांकडे आहे. शेजारचे पाटील म्हणाले, गूळ द्या. दूधवाला म्हणाला, सरकी पेंड द्या, म्हैस बघा कशी होते. कारखान्यात कामाला असलेला भाडेकरू म्हणाला, "काका, इंजिन जुनं झालं की तेल खातं." (हा मनुष्य सर्वांत जवळ पोचला होता, हे मागाहून समजलं.) पुण्याहून चिरंजीवांनी मोबाईलवर एक तक्ता पाठवला. १९८३ साली टेक्सासमधल्या हेनेक नावाच्या संशोधकानं घोड्याच्या अंगावरच्या चरबीला एक ते नऊ असे गुण द्यायची पद्धत काढली. एक म्हणजे सापळा, नऊ म्हणजे आमचे चिरंजीव. त्यासोबत वजन काढायचं सूत्रही होतं: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११८७७.

हिची शिवणकामाची टेप दीडशे सेंटिमीटरची. ती घोडीच्या छातीला पुरेना. मग शेजारणीची टेप आणून जोडली. मी एका बाजूनं टेप सोडायची, हिनं पोटाखालून ओढून घ्यायची आणि अण्णांनी आकडा वाचायचा. अण्णांनी चष्म्याविना पहिला आकडा २५१ वाचला. त्या हिशेबानं वजन जवळजवळ साडेसातशे किलो भरलं आणि आम्ही पाच मिनिटं आनंदात होतो. चष्मा लावल्यावर घेर १५२ निघाला. लांबी १४०. वजन २७२ किलो. तक्त्यावर गुण फार तर तीन.

खात्यात शिल्लक कमी पडली तर भरणा वाढवायचा, यापलीकडे बँकेतल्या माणसाची बुद्धी जात नाही. मी हरभरा दोन किलोंचा साडेतीन केला.

त्याचं फळ डिसेंबरच्या अखेरीला, रात्री अकराच्या सुमारास मिळालं. गोठ्यातून दाणदाण आवाज आला म्हणून बॅटरी घेऊन गेलो, तर बिजली पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होती. बसायची, उठायची, पुन्हा बसायची, लोळायला बघायची. ओठ वर जात होता. डॉक्टरांना फोन लावला. ते शहरात. "पोटशूळ आहे. दाणा-चारा सगळा उचला. लोळू देऊ नका, हळूहळू फिरवत राहा, मी निघतो," ते म्हणाले आणि एक वाक्य त्यांनी जास्तीचं सांगितलं: "घोड्याला ओकता येत नाही, ध्यानात ठेवा. आत गेलेलं फक्त पुढेच जाऊ शकतं."

मी दोरी धरली आणि दोन लिंबांभोवती आमची फेरी सुरू झाली. थंडी अशी की दोरीवर बोटं वाकत नव्हती. दूर वसाहतीचे दिवे झगझगत होते, एखादी रात्रपाळीची बस जात होती, आणि इकडे मी डोक्याला मफलर बांधून एका म्हाताऱ्या घोडीबरोबर प्रदक्षिणा घालत होतो. अण्णा घोंगडी पांघरून ओट्यावर येऊन बसले. आत जा म्हटलं तर जाईनात. "भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला?" त्यांनी अंधारातून विचारलं. शाळेत हा प्रश्न त्यांनी मला पन्नासदा विचारला असेल. "फिरवलं नाही म्हणून," मी म्हणालो. "मग फिरव," अण्णा म्हणाले.

तीस-एक फेऱ्यांनंतर ती थांबली आणि तिनं आपलं कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. मला पहिल्यांदाच भीती वाटली. वास्तविक ही घोडी माझी नाही. दीड महिन्याची ठेव. पण ठेव बुडाली तर मी चाचांना काय सांगणार होतो, हा प्रश्न त्या वेळी डोक्यात आलाच नाही. जे आलं ते लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर पाऊण वाजता आले. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात कोमट पाणी आणि तेलकट औषध सोडलं. मग पुन्हा फेऱ्या. पहाटे चारला बिजलीनं शेपटी उचलली आणि लीद टाकली. वाचकहो, आयुष्यात मी पुष्कळ समारंभ पाहिले, बँकेच्या अमृतमहोत्सवाला मंत्री आले होते तेही पाहिलं, पण लिदीच्या चार गोळ्यांना चार माणसांनी उभं राहून दाद दिलेली फक्त तेव्हाच पाहिली. हिनं तर हात जोडले.

चहा घेताना डॉक्टरांची बॅटरी गव्हाणीखाली गेली. तिथं सुपारीएवढे, लिंबाएवढे, चघळून टाकलेल्या कडब्याचे ओलसर गोळे पडले होते.

"हे कधीपासून?"

मी ते रोज झाडून टाकत होतो. वहीत त्यांना रकाना नव्हता.

"महिना झाला असेल," ओट्यावरून अण्णा म्हणाले.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" मी जरा तडकूनच विचारलं. अण्णा काही बोलले नाहीत. घोंगडी आवळून आत गेले.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून थोडेथोडे वर सरकत राहतात आणि चावताना झिजत राहतात. पंचविशीच्या आसपास आतला साठाच संपत येतो. म्हणजे मुदत ठेव मोडून खाणं. त्यात वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे दात सारखे झिजत नाहीत. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्यांच्या आतल्या कडा सुरीसारख्या धारदार होतात आणि गाल-जीभ कापतात. बिजलीची एक दाढ पडून गेली होती आणि तिच्या समोरची मोकळी जागा बघून वाढत सुटली होती, रिकाम्या प्लॉटवर शेजाऱ्याचं बांधकाम यावं तशी. चावायला जावं तर दुखतं. म्हणून ती घास चघळून, रस गिळून चोथा टाकून देत होती. जे काड्याकुड्यांसकट आत जात होतं ते अडकत होतं. वर माझा साडेतीन किलो हरभरा. वर हौदातलं गार पाणी, जे थंडीत म्हातारं जनावर धड पीत नाही. "तुम्ही कमी घालत नव्हतात, ती कमी खात होती. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

"आणि वय?"

त्यांनी वरच्या कडेच्या सुळकेवजा दातावर बोट ठेवलं. तिथं एक उभी खाच असते. दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसू लागते, विसाव्या वर्षापर्यंत दाताच्या टोकाला पोचते आणि मग वरून पुसली जाऊ लागते. बिजलीची जवळजवळ अर्धी पुसली होती. "चोवीस-पंचवीस धरा." म्हणजे चाचांनी सांगितलेले बारा बरोबर होते, दोनदा सांगितले होते, ते मिळवायचे होते.

दुसऱ्या दिवशी धुवायला टाकताना हिनं अण्णांच्या कोपरीचा खिसा उलटा केला, तर त्यातून भाकरीचे गोळे पडले. चघळलेले, लिंबाएवढे. आणि रुमालात गुंडाळलेली कवळी.

ही काही बोलली नाही. तो खिसा तिनं मला तसाच आणून दाखवला. आम्ही दोघं ओट्यावर गेलो. अण्णा ऊन खात बसले होते.

"हिरडी आत गेली, कवळी बसत नाही," त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं. "टोचते. दिवाळीपासून. चघळून काढून ठेवतो, संध्याकाळी उरलेली भाकरी बिजलीला घालतो. तीही चघळून टाकते. मला वाटलं, वय झालं की असंच असतं. त्यात सांगायचं काय?"

"अहो पण अण्णा, रोज दीड भाकरी खाल्ली म्हणून सांगत होता तुम्ही!" हिचा आवाज चिरकला.

"भाकरी संपत होती की नाही, सूनबाई?"

घरातला वजनकाटा काढला. दिवाळीत गुडघ्याच्या डॉक्टरकडे अण्णांचं वजन बावन्न भरलं होतं. आता सत्तेचाळीस. आणि अंगावर थंडीची कोपरी, स्वेटर, वर घोंगडी. लांबून बघणाऱ्याला माणूस गुबगुबीत दिसत होता. घोडीच्या वजनाचं माझ्या वहीत स्वतंत्र पान होतं, तांबड्या रेघा मारलेलं. मी ती वही मिटली आणि बराच वेळ लिंबाखाली जाऊन उभा राहिलो.

त्याच आठवड्यात दोन दंतवैद्य झाले. बिजलीला भुलीचं इंजेक्शन देऊन, तोंडात लोखंडी साचा अडकवून डॉक्टरांनी हातभर लांब कानशीनं तिच्या दाढा घासल्या. अण्णा खुर्ची टाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, हात लागलाच आहे तर माझ्या कवळीवरून दोन हात मारता का?" अण्णांची कवळी मग शहरात नेऊन नव्यानं बसवून आणली. दोघांनाही पहिले आठ दिवस मऊच खायचं होतं.

आणि आमच्या स्वयंपाकघरात दोन पातेली चढली.

बिजलीचा खाना असा. घोड्याचं पोट त्याच्या देहाच्या मानानं लहान, म्हणून एकदा ढीगभर नाही, दिवसातून पाच वेळा थोडंथोडं. घोड्याला थंडीत ऊब दाण्यापेक्षा चाऱ्यातून जास्त मिळते. चारा मोठ्या आतड्यात आंबत राहतो आणि आतून शेगडी पेटल्यासारखी राहते. म्हणून चारा बंद करायचा नाही, पण दातांचं काम आपण करून द्यायचं. लसूणघास बोटाच्या पेरापेक्षा बारीक कापलेला, कडबा कुट्टी करून पाण्यात भिजवलेला. हरभऱ्याची चुनी रात्रभर भिजत घातलेली, आणि तीही मोजकी. गव्हाचा कोंडा थोडाच. नुसत्या कोंड्यावर ठेवलं तर हाडांतला चुना कमी होतो. मूठभर जवस, पण शिजवलेलं. करडीचं तेल आधी दोन चमचे, मग पंधरा दिवसांत वाढवत वाटीभर. खडेमीठ. जंताचं औषध. कुठलाही बदल एकदम नाही, आठ-दहा दिवस घेऊन. आणि पाणी कोमट.

या कोमट पाण्यावरून घरात पहिलं युद्ध झालं. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. सकाळचा पहिला बंब बिजलीच्या दोन बादल्यांना, दुसरा अण्णांच्या आंघोळीला आणि तिसरा तापेपर्यंत लाकडं संपलेली. तीन महिने मी गार पाण्यानं आंघोळ केली. प्रकृतीला ते फार चांगलं असतं, असं त्या काळात ही मला रोज सांगे.

दुसऱ्या पातेल्यात अण्णांची लापशी. ती दुधातली. दोन्ही पातेली सारख्या मापाची, दोन्हींतून वाफ, रंगही मिळताजुळता. एकदा मी मोतद्दारीच्या घाईत वाटी चुकवली. अण्णांनी पहिला चमचा घेतला, थांबले, दुसरा घेतला. "सूनबाई," त्यांनी हाक मारली, "आज जवस घातलंय वाटतं? इतके दिवस का घालत नव्हतीस?" तिकडे बिजलीनं दुधातली लापशी वेलदोड्यासकट चाटून पुसून संपवली होती. तेव्हापासून अण्णांच्या लापशीत जवसाची पूड पडते. बिजलीच्या घमेल्यात वेलदोडा पडत नाही. एवढा तरी फरक असू द्या, असं मीच सांगितलं.

वजन वाढायला काही घाई नव्हती. आठवड्याला फार तर दीड किलो, म्हणजे बचत खात्याचा दर. अण्णांचं महिन्याला एखादा किलो. रविवारी सकाळी दोघांची मोजणी. आता वहीत दोन पानं होती आणि अण्णांना दोन्ही बघायचा हट्ट. "ती माझ्या पुढे चाललीय," ते तक्रार करीत. एकदा त्यांनी मला बसवून सांगितलं की कौटिल्यानं अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं एक प्रकरणच घातलंय. लढाईनं, आजारानं किंवा म्हातारपणानं थकलेल्या घोड्यांना पोटापुरतं द्यावं, असं त्यात लिहिलं आहे. "पोटापुरतं," अण्णांनी पुन्हा सांगितलं. "वेलदोडा म्हटलेलं नाही. पण नाही असंही म्हटलेलं नाही."

दीड महिना केव्हाच उलटला होता. चाचा सारंगखेड्याहून नवी घोडी घेऊन आल्याचं कळलं होतं, पण शेंद्र्याकडे त्यांची पावलं वळली नव्हती. आम्हीही निरोप धाडला नाही. महाशिवरात्र झाली, थंडी 'शिव शिव' म्हणत गेली आणि बिजलीच्या अंगावरचे लांब केस खराऱ्याबरोबर पुंजक्यापुंजक्यांनी निघू लागले. हीच खरी परीक्षा होती. आता लपवायला काही नव्हतं. आतून निघाली ती चकचकीत घोडी. घेर १५७. वजन २९०. अठरा किलो वाढलेले.

आणि नेमके त्याच आठवड्यात चाचा आले.

ते बिजलीभोवती दोनदा फिरले. पाठीवर हात फिरवला, बरगड्या चाचपल्या, मागं सरून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. पण ते पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांत दुसरंही काही आलं, तेही मला ओळखू आलं. तीस वर्षं मी काउंटरपलीकडचे डोळे वाचले आहेत.

"साब, तुम्ही तर हिला जवान केली! या सीझनला पाच-सहा वराती आरामात निघतील. लहान-लहान. नवरदेव हलका बघू."

मी गप्प राहिलो. घोडी त्यांची होती. ठेव परत मागितली की द्यायची असते, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. ही दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

"न्या की," ओट्यावरून अण्णा म्हणाले. "खुशाल न्या, चाचा. तुमचीच आहे. फक्त तिचा खाना लिहून घ्या. अरे, वही आण ती."

मी वही आणली. अण्णांनी कवळी नीट बसवली आणि वाचायला सुरुवात केली. पहाटे पाचला कोमट पाणी, दोन बादल्या. सहाला भिजवलेली कुट्टी, अडीच किलो. नऊला चुनी, कोंडा, शिजवलेलं जवस. करडीचं तेल, एक वाटी, रोज. बाराला लसूणघास, बारीक कापलेला, पेरापेक्षा लहान. चारला पुन्हा. रात्री दहाला पुन्हा. सहा-आठ महिन्यांनी दातांना कानस, भुलीच्या इंजेक्शनसह. प्रत्येक बाबीपुढे मी खर्चाचा आकडा घातलेला होता आणि अण्णा तो शिक्षकाच्या खणखणीत आवाजात वाचत होते, रुपये-पैशांसकट.

चाचा आधी मान डोलावत होते. करडीच्या तेलापाशी त्यांनी मान डोलावणं थांबवलं. दातांपाशी ते खाली बसले.

"राहू द्या मास्तर," ते हळूच म्हणाले. "बुढ्ढी आहे. तुमच्याकडेच शोभते."

चहा झाला. जाताना चाचांनी खिशातून गुळाचा खडा काढून बिजलीच्या तोंडात घातला. तिनं तो चावला. कडकन आवाज आला, आणि आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

संध्याकाळी जेवताना अण्णांनी ताटातली भाकरी मोडली, अर्धी बाजूला काढून ठेवली.

"अण्णा!" ही म्हणाली.

"अगं, ही जास्तीची आहे," अण्णा म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी उरलेल्या अर्ध्या भाकरीचा कडक पापुद्रा तोंडात टाकून, आम्हाला ऐकू जाईल असा, कुरकुर करत चावला.